मनूची घागर

आमच्या कुळांत मासा आजवर दोनच ठिकाणीं भेटत असे: देवघरांतील दशावतारांच्या तसबिरींत आणि पंचांगांतील मीन राशींत. तिसऱ्या ठिकाणीं तो भेटेल, तोहि आमच्याच माजघरांत, जिवंत आणि सहकुटुंब, असें भविष्य कोणा ज्योतिष्यानें वर्तविलें असतें, तर आमच्या वडील बंधूंनीं त्यास दक्षिणा न देतांच वाटेस लावलें असतें. परंतु काळाचा महिमा अगाध आहे. दादांचा नातू शिक्षणासाठीं वाईहून पुण्यास वसतिगृहांत राहावयास गेला आणि जातांना आपली काचेची टाकी, तींतील पांच गप्पी माशांसह, घराच्या हवालीं करून गेला. एकत्र कुटुंबांत मागें राहिलेली वस्तु कोणा एकाची राहत नाहीं. ती सर्वांची होते, म्हणजे बहुधा घरांत जो रिकामा असेल त्याची होते. आम्ही शाळेंतून निवृत्त झालेले. तेव्हां मत्स्यपालनाचें खातें आमच्याकडे आलें यांत नवल नाहीं.

‘गप्पी’ हें नांव ऐकून आमच्या वहिनींची अशी समजूत झाली कीं हा मासा फार बोलका असावा. वास्तविक हें एका गृहस्थाचें आडनांव आहे. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी हे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर राहत. त्यांनीं तेथील हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि आल्बर्ट गुंथर या मत्स्यशास्त्रज्ञानें १८६६ सालीं त्या माशास गप्पी यांचें नांव दिलें. पुढें असें उघडकीस आलें कीं विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८५९ सालींच त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास पोइसिलिया रेटिक्युलाटा असें नांव ठेविलें होतें. शास्त्रांत आधीच्याचा मान आधीं. म्हणून ग्रंथांत पीटर्सनीं केलेलें बारसें कायम राहिलें आणि लोकांच्या तोंडीं मात्र गप्पी बसला तो बसलाच. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागांतला हा रहिवासी डासांच्या अळ्या आवडीनें खातो, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं तो हिंदुस्थानांत आणला गेला. आरोग्यखात्यानें हिवतापाच्या मोहिमेंत त्यास गांवोगांवच्या हौदांत सोडलें, हें आमच्या पिढीनें भिंतींवर रंगविलेल्या अक्षरांतून वाचलेलें आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं प्राणिमात्रांचे चार वर्ग केले: जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. मासा अंडजांत मोडतो. गप्पी मात्र या वर्गवारीच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याची मादी अंडीं बाहेर घालीत नाहीं. अंडीं तिच्या पोटांतच राहतात, पिलें मुख्यतः त्यांतील बलकावर पोसलीं जातात आणि सुमारें चार आठवड्यांनीं तीं डोळस, पोहतीं, पूर्ण घडलेलीं अशीं बाहेर पडतात. लहान मादी दहा-वीस पिलें देते, मोठी पन्नासांच्याहि पुढें जाते. आश्चर्य याहून पुढें आहे. नराचा सहवास एकदां घडला कीं त्याचें बीज ती शरीरांत कित्येक महिने राखून ठेवूं शकते. टाकींत पुढें एकहि नर नसला तरी महिन्या-महिन्यानें तिची प्रसूति चालूच राहते. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे बाजारांत दिसणारे मासे याच गोत्राचे.

इतकीं पिलें कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर त्रिनिदादच्या ओढ्यांत मिळतें. जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझनिक या शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून तेथें वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. त्यांस असें आढळलें कीं ज्या डोहांत मोठ्या शिकारी माशांचें भय फार, तेथील गप्पी लौकर वयांत येतात आणि अधिक परंतु लहान पिलें देतात. जेथें भय कमी, तेथें पिलें थोडीं पण अंगानें मोठीं असतात. म्हणजे मृत्यूचा हिशेब जन्माच्या आंकड्यांत आधींच धरलेला असतो. काचेच्या टाकींत हा हिशेब चुकतो, आणि तेथूनच पाळणाराची परीक्षा सुरू होते.

आमच्या घरीं पहिल्या प्रसूतीची वार्ता वाईट रीतीनें कळली. श्रावणांतील एका सकाळीं दादांची नऊ वर्षांची नात टाकीपाशीं उभी होती ती किंचाळली, “धाकटे आजोबा, ती आपलींच बाळें खातेय!” सारें घर गोळा झालें. केसाएवढें एक पिलूं काचेला लागून वर जात होतें. मातेनें सहज वळून तें गिळलें आणि काहींच न घडल्यासारखी ती पुढें गेली. आमच्या सूनबाईंस तेव्हां पांचवा महिना होता. वहिनींनीं एक शब्द न बोलतां जुनें लुगडें आणलें आणि टाकी झांकून टाकली. दिवस गेलेल्या मुलीच्या दृष्टीस असलें कांहीं पडूं नये, हा त्यांचा भाव होता. आणि तो भाव मायेचा असल्यामुळें कोणी वाद घातला नाहीं.

दुपारीं वामकुक्षी आटोपून आम्ही माजघरांत आलों तों लुगडें घडी घालून बाजूस ठेवलेलें, आणि सूनबाई पाटावर बसून टाकीकडे पाहत आहेत. आम्हांस पाहतांच त्या म्हणाल्या, “बाबा, अजून अकरा आहेत. खालच्या शेवाळांत बसलीं आहेत.” मग थोडें थांबून म्हणाल्या, “तिला तीं आपलीं आहेत हें कळतच नाहीं हो. मग तिचा राग कसा धरायचा?” वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं हें ऐकलें. त्या दिवसापासून तें लुगडें पुन्हां टाकीवर पडलें नाहीं.

सूनबाईंचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. तोंडांत मावेल असें जें कांहीं हलतें तें खाद्य, एवढेंच ज्ञान त्या मातेस आहे. ओढ्यांत जन्मलेलें पिलूं क्षणांत गवतांत किंवा कांठच्या उथळ पाण्यांत दडतें. माता एकीकडे आणि पिलें दुसरीकडे असा निसर्गानेंच दुरावा घातलेला असतो. तो दुरावा काच नाहींसा करते. चारी बाजूंनीं स्वच्छ, उजेड भरपूर आणि दडावयास जागा नाहीं, असें घर पाहुण्यांस शोभिवंत दिसतें, पण पिलास तें वधस्थान होतें. दोष मातेचा नव्हे, घराचा आहे.

त्या रात्रीं नात जेवली नाहीं. तिला समजावण्यासाठीं आम्हीं शतपथब्राह्मणांतील मनूची गोष्ट सांगितली. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांतून एक इवलासा मासा मनूच्या हातांत आला आणि म्हणाला कीं, मला सांभाळ, मी तुला पुढें येणाऱ्या महापुरांतून तारीन. कसें सांभाळूं, असें मनूनें विचारलें. त्यावर माशानें सांगितलें: आम्ही लहान असतों तोंवर आमचा नाश फार, मासाच माशास गिळतो. म्हणून मला आधीं घागरींत ठेव. घागरींत मावेनासा झालों कीं खळगा खणून त्यांत ठेव. त्यांतहि मावेनासा झालों कीं समुद्रांत नेऊन सोड. मग मला भय उरणार नाहीं. पुढें राजनीतीच्या ग्रंथांतून ‘मत्स्यन्याय’ या शब्दाचा पुष्कळ ऊहापोह झाला. परंतु बालसंगोपनाचा केवढा मोठा विचार या लहानशा कथेंत आहे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. घागर, खळगा, समुद्र: पात्र वेळेवर बदलीत जाणें, यालाच संगोपन म्हणतात. नातीनें सर्व ऐकलें आणि विचारलें, “मग आपल्याकडे घागर आहे का?”

वहिनींनीं आपलें माहेरचें तांब्याचें घंगाळ पुढें केलें. तें घेतां आलें नाहीं, कारण तांब्याचा अंश पाण्यांत उतरला तर तो माशांस विष होतो. जें भांडें आपण पिण्याच्या पाण्यासाठीं पवित्र मानतों तें या पाहुण्यांस चालत नाहीं. अखेर एका मोठ्या काचेच्या बरणीस घागरीचा मान मिळाला. साबण न लावतां ती धुतली, टाकींतलेंच पाणी तींत भरलें आणि अकरा पिलें वाटीनें उचलून तींत सोडलीं. जाळीनें उचलल्यास त्यांचें अंग दुखावतें. वाटीनें पाण्यासकट घेतलें म्हणजे त्यांस आपण उचललें गेलों हेंहि कळत नाहीं. पुढच्या खेपेपासून मात्र आम्हीं प्रसूतीआधींच सोय केली. मादीच्या शेपटीकडील पोटावरचा काळसर डाग गडद झाला आणि पोट पुढून चौकोनी दिसूं लागलें कीं दिवस भरत आले असें समजावें. बाजारांत बाळंतिणीसाठीं अरुंद पिंजरे मिळतात, पण त्यांत मादी घाबरते. त्याऐवजीं दाट शेवाळ आणि पाणवनस्पति भरलेल्या निराळ्या टबांत तिला ठेवावें आणि प्रसूति होतांच परत आणावें, हें बरें.

आतां अन्नाचा विचार. पाण्यांतील जिवास काय खाऊं घालावें हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे आणि कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें याची चर्चा त्यांत आहे. मात्र तेथें हेतु गळाचा आहे. पिलांसाठीं साधा उपाय असा: कोरडें मत्स्यखाद्य दोन बोटांत चुरून पिठासारखें करावें आणि दिवसांतून तीन-चार वेळां चिमटीच्या टोकावर राहील इतकेंच घालावें. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून देतात. पण त्यानें पाणी फार लौकर नासतें, शिवाय आमच्या घरीं अंडें येणें नव्हतेंच. सर्वांत उत्तम म्हणजे आर्टेमिया. मिठाच्या पाण्यांत तिचीं सुकीं अंडीं घालून खालून हवा सोडली कीं सुमारें दीड दिवसांत केशरी ठिपक्यांसारखे जीव पोहूं लागतात. हे पाहून दादांनीं विचारलें, “एक जीव जगवायला दुसरा मारायचा, हा कसला धर्म?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण प्रश्न खरा होता. आर्टेमिया बंद झाली आणि पिलें चुऱ्यावर वाढलीं. थोडीं सावकाश वाढलीं, एवढेंच.

एकत्र कुटुंबांत उपासमारीचें भय नसतें. भय असतें तें अतिभोजनाचें. येणारा-जाणारा प्रत्येक जण मायेनें एक चिमूट टाकतो. म्हणून टाकीशेजारीं पाटी टांगली आणि ज्यानें खाऊं घातलें त्यानें तींवर खूण करावी असा नियम केला. शाळा सुटली तरी हजेरी सुटत नाहीं. उरलेलें अन्न आणि मळ यांपासून पाण्यांत अमोनिया होतो. तो माशांस घातक असतो. स्पंजांत व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें आधीं नायट्राइट आणि मग तुलनेनें निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. परंतु नव्या टाकींत या जंतूंचा जम बसण्यास महिना-दीड महिना लागतो. म्हणून स्पंज नळाखालीं धुऊं नये, टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें आणि क्लोरीन उडून जावें म्हणून नवें पाणी एक दिवस उघडें ठेवावें. पाण्याची उष्णता २४ ते २८ अंश सेल्सिअस असावी. आमच्याकडे थंडींत रात्रीं पारा पुष्कळ खालीं येतो, तेव्हां विजेचा लहान हीटर लागतोच. यापलीकडे फार विद्या नाहीं. बहुतेक पिलें रोगानें नव्हे, मायेनें मरतात.

भाद्रपदांत परसांतला जुना दगडी हौद स्वच्छ केला. तो आमचा खळगा. महिना-सव्वा महिन्याचीं पिलें तेथें गेलीं. याच सुमारास नरांच्या अंगावर रंग उमटूं लागतो आणि त्यांच्या पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होतो. मादीचा पर पंख्यासारखाच राहतो. नर आणि मादी याच वेळीं निराळे करावे लागतात, नाहीं तर दोन-तीन महिन्यांचीं भावंडेंच पुढची पिढी वाढवूं लागतात आणि पिढ्यान्पिढ्या असें चाललें तर कुबडीं, अशक्त पिलें निपजतात. नातीनें परसाच्या भिंतीवर खडूनें आंकडा लिहिण्याचा प्रघात पाडला होता. आश्विनांत तो एकसष्ट होता. कार्तिकांत एकशें अठरा झाला. तिचा आनंद गगनांत मावेना. आमची चिंता हौदांत मावेना.

तिसऱ्या पात्राचा प्रश्न आतां उभा राहिला. दादांनीं एके संध्याकाळीं सांगितलें कीं, त्रिपुरी पौर्णिमेस घाटावर दिवे सोडावयाचे आहेतच, त्याच वेळीं हे मासेहि कृष्णामाईंत सोडावे. जिवांस मुक्ति मिळेल आणि घरास पुण्य लागेल. नात तर नाचूंच लागली, कारण मनूनेंहि हेंच केलें होतें. आमच्या घरांत दादांच्या शब्दावर शब्द बोलण्याची रीत नाहीं. आजवर साठ वर्षांत ती आम्हीं मोडली नव्हती. परंतु या वेळीं गप्प राहणें शक्य नव्हतें.

कारण असें कीं, पाळलेले गप्पी ओढ्या-नद्यांत सोडल्यानें जगाच्या अनेक देशांत अनर्थ झालेला आहे. हा मासा डासांच्या अळ्यांवरच थांबत नाहीं. तेथल्या मूळ माशांचीं अंडीं व पिलें तो खातो आणि त्यांच्या अन्नांत वाटेकरी होतो. पोटांत बीज राखणारी एकच मादी नवी वसाहत उभी करण्यास पुरते. सह्याद्रींतल्या ओढ्यांत असे कित्येक मासे आहेत जे पृथ्वीवर दुसरीकडे कोठेंहि नाहींत. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेली जी बारीक मासोळी आपल्याकडे संथ पाण्यांत वरच्या वर तरंगतांना दिसते, ती डासांच्या अळ्या फार पूर्वींपासून खात आली आहे. तिला परक्याच्या मदतीची गरज नाहीं. घाटावर दिवे लावून ज्यास आपण मुक्ति म्हणूं, ती दुसऱ्या जिवांच्या घरांत केलेली घुसखोरी ठरेल.

हें सर्व दादांस तोंडावर सांगणें आमच्यानें झालें नाहीं. आम्हीं शतपथाची पोथी काढून तो भाग त्यांच्यापुढें ठेवला आणि एवढेंच म्हणालों, “आरंभ एकदां पाहावा.” दादांनीं चष्मा लावून वाचलें. पुष्कळ वेळ ते बोलले नाहींत. मग पोथी मिटून म्हणाले, “मनूकडे मासा हात धुवायच्या पाण्यांतून आला. तो तिथल्याच पाण्याचा होता; मनूनें त्याला जिथला तिथें पोंचवला. आपले हे दुकानांतून आले.” नात जवळच बसली होती. तिनें विचारलें, “मग ह्यांचा समुद्र कुठला, आजोबा?” दादा म्हणाले, “फार लांबचा, बाळ. आपल्याला नेतां यायचा नाहीं.” पौर्णिमेस घाटावर फक्त दिवे गेले.

पुढची व्यवस्था कांहीं शोभिवंत नव्हती. आळींतल्या तीन घरांनीं कांहीं जोड्या नेल्या. एका शाळेच्या विज्ञानशिक्षकांनीं वीस नेले. साताऱ्याच्या एका दुकानदारानें विनामूल्य मिळतात म्हणून तीस घेतले. उरलेल्यांत नर एकीकडे, माद्या दुसरीकडे केल्या. पण वर सांगितलेल्या राखीव बिजामुळें प्रसूति थांबल्या नाहींत. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, यापुढें पिलें निराळीं काढावयाचीं नाहींत. टाकींत पाणवनस्पति भरपूर ठेवावयाच्या. जीं दडतील तीं जगतील. नातीनें सरळ विचारलें, “म्हणजे बाकीचीं तुम्ही मरूं देणार?” आम्ही म्हणालों, “हो.” नऊ वर्षांच्या मुलीशीं खोटें बोलण्यापेक्षां तिचा रोष पत्करणें सोपें असतें. दोन दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं परसांतून एक दगड आणून तिनें त्यास दोऱ्यानें शेवाळ गुंडाळलें आणि मुकाट्यानें टाकीच्या तळाशीं ठेवलें. दुसऱ्या आठवड्यांत असे सहा दगड झाले. आमच्या निर्णयाशीं ती सहमत झाली नव्हती. तिनें फक्त दडावयास जागा वाढविली. हें उत्तर आमच्या उत्तराहून सरस होतें.

मार्गशीर्षांत सूनबाई बाळंत झाल्या, मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर पाळणा कोठें टांगावा असा प्रश्न निघाला, तेव्हां वहिनींनींच माजघर सुचविलें. टाकींतल्या दिव्याचा उजेड पाळण्यापर्यंत येतो आणि बाळ तिकडे पाहत उगी राहतें, असें त्या आतां येणाऱ्या-जाणाऱ्यांस सांगतात.

ज्यांच्या घरांतून मुलें असा हट्ट धरीत असतील त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: टाकी आणण्यापूर्वीं समुद्राचा विचार करावा. घागर प्रत्येक घरांत असते, खळगाहि खणतां येतो. परंतु वाढलेला जीव शेवटीं कोठें जाणार हें आधीं ठाऊक नसेल, तर पहिल्या दिवसाची दया शेवटच्या दिवशीं कोणाच्या तरी माथीं बसते. किती पिलें वाचविलीं याचा आंकडा भिंतीवर लिहितां येतो. किती आपल्यानें निभावतील हा आंकडा ज्याचा त्यानें मनांत लिहावयाचा असतो, आणि तो बहुधा पहिल्याहून लहान असतो. आमच्या टाकींत सध्यां चौदा मासे आहेत. शेवाळ दाट आहे, आणि पाटीवर हजेरी रोज लागते.